राखणावळ

लोसालिनेचं पिंप बोटीतून उतरलं त्या दिवशी आकानेसीने घरातल्या झाडून सगळ्या चादरी धुवायला काढल्या. चादरी काही तेवढ्या मळल्या नव्हत्या. पण आता दिवसभर बायका अंगणातून ये-जा करणार आणि "काय गं, लोसाने काय काय पाठवलं?" म्हणून विचारणार, हे तिला ठाऊक होतं. पिळे पिळताना माणसाला दातओठ खाता येतात, आणि त्यावर कुणी काही बोलत नाही.

लोसालिने तिची धाकटी जाऊ. आमच्या बेटांवरून ऑस्ट्रेलियात बेरीच्या मळ्यावर तोडणीला गेली होती. खरं तर जायचा होता तिचा नवरा इसिलेली, पण तपासणीत त्याच्या रक्तात साखर निघाली आणि डॉक्टरने त्याला घरी धाडलं. मग त्याच्या जागी बायको गेली, तीन वर्षांच्या करारावर. इसिलेलीला त्याचं फारसं वाईट वाटलं नाही. तो बाप्यांच्या बैठकीत कावाच्या मुळीचं पेय पीत बसून बायकोच्या पगारावर आपली मतं देत असे.

पिंप चांगलं कमरेएवढं होतं, निळं, झाकणाला लोखंडी कडी असलेलं. आतून मांसाचे डबे निघाले, साबण निघाले, टॉवेल, पातेली, पाद्र्याच्या बायकोसाठी हातपिशवी, आणि सासूसाठी मऊ कापडी चपला. सासूचे पाय पलंगावरून खाली टेकत नव्हते त्याला दोन पावसाळे होऊन गेले होते. तिला उचलायचं, पुसायचं, कूस बदलायची, चमच्याने भरवायचं, हे सगळं आकानेसी करत होती. म्हातारीने त्या चपला छातीशी धरल्या आणि रडत म्हणाली, "माझी लोसा गं! एवढ्या लांबून तिला माझे पाय आठवले!"

"रोज पाय चोळते तिला कुणाचे पाय आठवावेत?" आकानेसी म्हणाली, पण मोरीत जाऊन.

ती जळत होती. हे आडपडद्याने सांगण्यात काही अर्थ नाही. चांगली, भक्तीण, गळा गोड असलेली बाई, पण जावेचं नाव निघालं की तिच्या पोटात दुखायला लागायचं. ओहोटी लागली की गुडघाभर पाण्यात शिंपले वेचायचे, रताळ्याच्या वेलांना भर घालायची, डुकरांना घालायचं, उन्हात केवड्याची पानं वाळवून त्यांच्या पट्ट्या काढायच्या आणि चटया विणायच्या. वर सासू, वर लोसाची पोर. आणि गावात कुणी विचारलं की आकानेसी काय करते, तर उत्तर यायचं, "ती काय, घरीच असते." संतापाची गोष्ट म्हणजे तिला स्वतःला कुणी विचारलं, तर तीही हेच सांगायची.

सगळ्यात जास्त तिला झोंबायची ती चर्चमधली वर्षाची दानसभा. आमच्याकडे त्या दिवशी एकेक घर उठून पुढे जातं, परातीत पैसे ठेवतं, आणि कारभारी तेविता ध्वनिक्षेपकावरून घराचं नाव आणि आकडा मोठ्याने पुकारतो. बँड वाजतो, टाळ्या पडतात, आकडा मोठा असला तर लोक नाचतातही. गेल्या साली तेविता ओरडला होता, "सेमिसीचं घर! आणि हे सगळं आपल्या लोसालिनेच्या घामाचं!" सेमिसी म्हणजे आकानेसीचा नवरा, घरातला थोरला. तो आपला मान खाली घालून बसला, आणि ज्याने एक बेरी तोडली नव्हती तो इसिलेली उठून नाचला. पाद्रीबाबा ज्या चटईवर उभे होते ती आकानेसीने दिली होती. अख्खा पावसाळा ती तिच्यावर वाकली होती. पण चटईचा आकडा पुकारायची पद्धत नाही.

तिच्याकडे एकच गोष्ट होती, जी लोसाकडे नव्हती. ती म्हणजे पुआ.

लोसा गेली तेव्हा पुआ रांगायला लागली होती. आता ती अंगणभर कोंबड्यांना हुकूम सोडत होती. आकानेसीची कूस उजवली नव्हती. आमच्याकडे काकूलाही आईच म्हणतात, त्यामुळे पुआ तिला आई म्हणायची आणि त्यात कुणाला काही वावगं दिसत नव्हतं. लोसाचा फोन आला आणि पडद्यावर तिचं तोंड दिसलं की पुआ आकानेसीच्या पाठीमागे दडायची. "लाजते गं!" आकानेसी गोड आवाजात सांगायची. आतून तिला उकळ्या फुटत असायच्या. कधीकधी तर ती फोन चार्जच करत नसे आणि मग विजेला बोल लावी.

त्यातून नणंदेने तिला आशा लावून ठेवली होती. आमच्या बेटांवर बहीण भावापेक्षा मोठी, आणि पोरांच्या बाबतीत आत्याचा शब्द शेवटचा. तेमालेती ही त्या घराची थोरली लेक, देहाने भारदस्त आणि बोलण्याने त्याहून. गेल्या वर्षी ती म्हणाली होती, "पोर तुझ्यात रुळली आहे, आकानेसी. लोसा आली की बोलू आपण. तिला आणखी होतील. ही तुझ्या ओटीत घालू कायमची." मूल नसलेल्या भावजयीला मूल देणं आमच्यात नवीन नाही. त्या दिवसापासून आकानेसी जावेच्या येण्याची वाटही बघत होती आणि तिच्या नावाने बोटंही मोडत होती.

लोसालिने आली ती दानसभेच्या आठवडाभर आधी. धक्क्यावर बँड होता. गळ्यात एवढे हार पडले की नाक तेवढं वर दिसत होतं. घरी येऊन तिने पुआसमोर गुडघे टेकले आणि हात पसरले.

"ये ना माझ्या बाळा. ओळखलंस ना? मी आई."

पुआने तिच्याकडे नीट पाहिलं आणि आकानेसीच्या कडेवर चढून बसली. "आई ही आहे," ती म्हणाली. "तू फोन आहेस."

सगळे हसले. लोसाही हसली. आकानेसीने पोरीला "असं बोलू नये हं" म्हणून दटावलं आणि दटावता दटावता तिची पापी घेतली.

पुढचे चार-पाच दिवस आकानेसीने जावेचा नवा घागरा, नवं घड्याळ, सोन्याचा मुलामा दिलेला एक दात, सगळं डोळ्यांत भरून घेतलं. लोसाच्या बोटांची कातडी फवाऱ्याच्या औषधाने सोलून निघाली होती, आणि वाकून वाकून पाठ अशी धरली होती की ती उशीशिवाय जमिनीवर पडून राही. तेही आकानेसीला दिसलं होतं, नाही असं नाही. पण मत्सराची नजर घड्याळावर जेवढा वेळ थांबते तेवढा बोटांवर थांबत नाही. आणि ती बोटं दानसभेत कुणी पुकारणार नव्हतंच.

शनिवारी दोघी जावा स्वयंपाकाच्या खोपीत नारळ खवत बसल्या होत्या. लोसाने घागऱ्याच्या खिशातून एक जाड पाकीट काढलं आणि जावेच्या मांडीवर ठेवलं.

"हे तुमचं, जाऊबाई."

"काय आहे?"

"पुआला सांभाळलंत त्याचे. आमच्या मुकादमाची बायको आहे ना तिकडे, ती पोराला पाळणाघरात ठेवते. दिवसाचे किती घेतात ऐकलंत तर हातातला नारळ खाली पडेल तुमच्या! मी तोच भाव धरलाय. एकही दिवस गाळला नाही."

"अगं, काहीतरीच काय! घरातल्या घरात कुणी पैसे घेतं का?"

"का घेऊ नये? मी तोडलेल्या बेरीचे मला मिळतात. तुम्ही तर माणूस वाढवलंत." लोसा खवणीकडे बघत बोलत होती. "तुम्ही रोज कमावत होतात, जाऊबाई. तुम्हाला कुणी सांगितलं नाही, एवढंच."

हे वाक्य आकानेसीच्या वर्मी बसलं. लग्न होऊन या घरात आल्यापासून असं तिला कुणी म्हटलं नव्हतं. आणि म्हणावं कुणी, तर जिच्या नावाने ती जळत होती तिने! आमच्याकडे माणसं एकमेकांना मासे देतात, डुकरं देतात, चटया देतात, पोरंसुद्धा देतात. पण मजुरी देतात ती परक्याला. हे आकानेसीला चांगलं माहीत होतं. तिने पाकीट उचलून पाहिलं. ते जड होतं. दानसभा उद्यावर आली होती. तिने ते घागऱ्याच्या कमरेत खोचलं.

सेमिसीला कळलं तेव्हा तो जाळं सांधत होता. "परत दे," तो म्हणाला. "पोर घरातली आहे."

"का हो? तुमच्या भावजयीनेच तेवढं नाव वाजवून घ्यायचं? मी काय घरातली केरसुणी आहे?"

"मी तसं कुठे म्हटलं?"

"तुम्ही काहीच म्हणत नाही, तेच तर! मी धुतलेल्या दुपट्यांचे पैसे आहेत हे. जागलेल्या रात्रींचे आहेत. माझे आहेत!"

सेमिसी पुन्हा जाळ्याकडे वळला. त्याच्या घराण्यात बोलायचं काम बायकांकडे होतं आणि त्याला ते सोयीचं पडत होतं.

रविवारी चर्च खच्चून भरलं. सेमिसीच्या घराचे पैसे लोसाने परातीत ठेवले, तेविताने आकडा पुकारला, इसिलेली वहिवाटीप्रमाणे नाचला. टाळ्या विरल्या न विरल्या तोच आकानेसी उठली. आमच्याकडे मानाच्या दिवशी गुंडाळतात तशी कमरेला तिने लग्नातली चटई गुंडाळली होती. ती एकटी पुढे गेली आणि पाकीट परातीत उलटं केलं.

तेविताने पैसे मोजले. मग आपल्या मदतनिसाकडून पुन्हा मोजून घेतले. मग चष्मा वर केला.

"आकानेसी!" तो गरजला. "सेमिसीची बायको आकानेसी!" आणि त्याने आकडा सांगितला.

तो आकडा लोसाच्या आकड्यापेक्षा मोठा होता. मग अशा टाळ्या पडल्या की ढोलवाल्याला ठोका सापडेना. तेविताला असल्या वेळी चेष्टा केल्याशिवाय राहवत नाही. "अगं आकानेसी, एवढे आणलेस कुठून? देवमासा विकलास की काय?"

लोक हसत होते, बँड वाजत होता, पाद्र्याची बायको हातपिशवी विसरून दोन्ही हातांनी टाळ्या पिटत होती. आकानेसीला असं वाटलं की आपण जमिनीवरून चांगलं वीतभर उचललो गेलो आहोत. तिने ध्वनिक्षेपक स्वतःकडे ओढला.

"माझ्या कष्टाचे आहेत!" ती म्हणाली. "फुकटचे नाहीत. पुआला सांभाळलं, त्याचे घेतले मी!"

पुन्हा टाळ्या. ती नाचली. थोडीथोडकी नाही, चांगली घेर धरून नाचली. नाचता नाचता तिने जावेकडे पाहिलं. आता तिला लोसाचा पडलेला चेहरा बघायचा होता, वर्षानुवर्षांचं उट्टं काढायचं होतं. पण लोसा टाळ्या वाजवत होती. अगदी मनापासून वाजवत होती. पहिल्या बाकावर तेमालेतीने मात्र टाळ्या थांबवल्या होत्या आणि ती मान वळवून भावजयीकडे बघत होती.

दुपारी जमिनीतली भट्टी उकरली. अळूच्या पानांत बांधलेलं मांस, नारळाच्या दुधाचा वास, सगळं साग्रसंगीत. तेमालेती नेहमीच्या जागी, सगळ्यांच्या वर बसली. आकानेसी अजून हवेतच होती, वाढता वाढता गुणगुणत होती. जेवणं आटोपल्यावर लोसा नणंदेला म्हणाली, "वन्सं, उद्याच्या बोटीने निघते म्हणते. पुआला राजधानीला माझ्या बहिणीकडे ठेवीन. तिथे शाळा चांगली आहे. मला पुढच्या हंगामाला जायचंय."

आकानेसीच्या हातातलं पान खाली पडलं. "पुआला? पुआ माझ्याकडे राहणार ना? वन्सं, तुम्हीच म्हणाला होतात, ओटीत घालू म्हणून!"

"म्हणाले होते," तेमालेती म्हणाली. "घालणारही होते. आज जेवणानंतर तेच बोलायचं मनात होतं माझ्या."

"मग?"

"मग सकाळी चर्चमध्ये तू काय बोललीस?"

"काय बोलले?"

"पुआला सांभाळलं, त्याचे घेतले, असं बोललीस. अख्ख्या गावाने ऐकलं, पाद्रीबाबांनी ऐकलं. आता मी कुठल्या तोंडाने सांगू लोसाला, की पोर हिची कर? आई राखणावळ घेते का गं कधी?"

"तिने दिले म्हणून मी..."

"तिने दिले आणि तू घेतलेस. पुरे झालं. एकीने पोर ठेवली, दुसरीने राखली, पैसे चुकते झाले. त्यात ओटी आली कुठून?"

"मी परत देते, वन्सं! सगळे परत देते!"

"देवाच्या परातीतून काढून?" तेमालेती म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता, आणि त्यामुळेच आकानेसीला ते शेवटचं वाटलं. तिने नवऱ्याकडे पाहिलं. सेमिसी हात धुवायला उठला. पलंगावरून सासूने विचारलं, "काय झालं? माझी लोसा जाते का?"

संध्याकाळी लोसा पुआचे कपडे बांधत होती. आकानेसी दारात उभी राहिली. ती कपड्यांना हात लावायला पुढे झाली आणि थांबली. कोणता फ्रॉक अंगाला टोचतो आणि कोणता घातल्याशिवाय पोर झोपत नाही, हे सांगायचं तिच्या ओठांवर आलं होतं. पण ते सांगितलं तर पोर जास्त सुखाने जाईल, असंही तिच्या मनात आलं, आणि त्याची तिला लाज वाटली.

"लोसा," ती म्हणाली, "तू हंगामाला जा. खुशाल जा. पोर ठेव माझ्याकडे. मला काही नको. एक छदाम नको. फुकट सांभाळीन मी."

लोसाने हातातला फ्रॉक मांडीवर ठेवला. "फुकट सांभाळलंत म्हणूनच ती तुमची झाली, जाऊबाई."

तिने तो फ्रॉक बोचक्यात टाकला.

"ती फोनवर तुमच्या पाठीमागे दडायची ना, तेव्हा तुमचं तोंड दिसायचं मला. तुम्हाला वाटायचं, हिला काय कळतंय. मी दिवसभर ओणवी राहून बेऱ्या तोडायचे आणि रात्री तुमचं ते तोंड आठवून जळायचे. पिंपावर पिंप पाठवत होते मी. गावाला वाटत होतं, लोसा किती मिळवते. आणि इथे माझी पोर मला फोन म्हणत होती." तिने सोललेल्या बोटांनी गाठ आवळली. "माझी बहीण पैसे घेईल. महिन्याच्या महिन्याला मागून घेईल. मग पोर माझी राहील."

"म्हणून दिलेस तू मला?"

लोसाने बोचकं बाजूला सारलं. "भाव बरोबर धरला होता मी," ती म्हणाली. "त्यात काही खोटं नव्हतं."

दुसऱ्या दिवशी बोट वेळेवर सुटली. पुआने धक्क्यावर एवढं रडून घेतलं की ती बोटीत चढण्याआधीच दमून लोसाच्या खांद्यावर झोपली. आकानेसी पाण्याकडे बघत उभी राहिली, आणि जावेचा खांदा तिच्या डोळ्यांपुढून हलेना. आजवर तिला लोसाच्या पैशाचा, नावाचा, घड्याळाचा हेवा वाटला होता. तो सगळा मिळून या खांद्याच्या हेव्यापुढे काहीच नव्हता.

परतताना वाटेत चार बायका भेटल्या. फुसी त्यांच्यात होती. तिची सूनही तिकडेच तोडणीला होती आणि दोन नातवंडं हिच्या गळ्यात होती.

"काय गं आकानेसी, काल केवढं नाव झालं तुझं! आमच्याकडे अजून तोच विषय आहे," फुसी म्हणाली. "मी तर ठरवलंय बाई. सून आली की मीही मागणार. आपणही काही कमी राबत नाही!"

"मागू नकोस," आकानेसी म्हणाली.

"का गं?"

"मागू नकोस, फुसी! दिले तरी घेऊ नकोस!" ती इतक्या जोरात ओरडली की रस्त्याकडेची डुकरं पळाली. आणि मग तोंड फिरवून ती भराभरा घराकडे चालू लागली.

बायका जागीच थांबल्या. "बघितलंत?" फुसी म्हणाली. "स्वतः घेतले, नाचली, नाव करून घेतलं. आणि आता दुसरीला मिळतील म्हटलं तर जळते कशी!"